पत्ता सापडला, तो तिच्याच घराचा



गेल्या महिन्यात आपल्या समन्वय बैठकीत एक ठराव आला. इंटरनेटवर बायकांना छळणारे पुरुष खोट्या नावाआड लपतात, तेव्हा प्रत्येक खातं खऱ्या नावाशी आणि सरकारी ओळखपत्राशी जोडण्याची सक्ती व्हावी, निनावी खाती बंदच करावीत, अशी मागणी आपण शासनाकडे करायची, असा तो ठराव. मांडणाऱ्या ताई तीस वर्षं चळवळीत आहेत. त्यांच्या पोटतिडकीबद्दल मला शंका नाही. जवळजवळ सगळे हात वर गेले, माझा गेला नाही. जेवणाची वेळ टळून गेली होती, आणि "तुला का नको गं?" या प्रश्नाचं उत्तर मला उभ्या उभ्या देता आलं नाही. ते आता देते. ठराव पुढच्या बैठकीत पक्का व्हायचा आहे, म्हणून घाईने लिहिते आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई आली. तिचं नाव, गाव काही लिहीत नाही. या लेखाचा विषयच तो आहे. तालुक्याच्या गावात ती ब्लाउज शिवते. कुणीतरी तिच्या नावाने एक खातं उघडलं होतं. त्यावर लग्नातला तिचा फोटो, खाली तिचा मोबाइल नंबर आणि 'दर'. पहिल्या रात्री तिला चाळीसच्या वर फोन आले. सकाळी नवऱ्याने फोन काढून घेतला. सासू म्हणाली, तू काही केल्याशिवाय का लोक फोन करतील?

ठाण्यात गेलो तर "हे सायबरचं आहे, जिल्ह्याला जा". माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे त्या कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. पण तपास कोण करणार हा पोलिसांचा प्रश्न. तक्रार लिहून घ्यायला ठाणं बांधील आहेच, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, नोंद कुठेही करता येते. हे मी तिथे वाचून दाखवलं तेव्हा कुठे कागद पुढे आला. पाठलागाचं कलम ७८ (हे न्याय संहितेचं, दोन कायद्यांत एकच आकडा आल्यामुळे ठाण्यात जो गोंधळ उडाला तो वेगळाच), बदनामीचं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७, अशी कलमं लागली. आणि मग सुरू झालं ते पालुपद: "मॅडम, आयपी येऊ द्या, मग बघू."

तीन महिने आयपी 'येत' होता. एकदा तो आला, तर इंटरनेट कंपनीने कळवलं की त्या वेळी तो क्रमांक आमच्या कुठल्याच ग्राहकाकडे नव्हता. पत्राची प्रत हट्टाने मागून घेतली आणि केंद्रात बसून वाचली. खातं चालवणाऱ्या परदेशी कंपनीने वेळ दिली होती ती ग्रीनिचची. त्यात साडेपाच तास कुणी मिळवलेच नव्हते. ५ तारखेच्या पहाटे दोनची आपली वेळ त्यांच्या नोंदीत ४ तारखेची रात्री साडेआठ असते, एवढी साधी गोष्ट. पुन्हा पत्र, पुन्हा पाच आठवडे. अखेर पत्ता सापडला.

तो तिच्याच घराचा होता. सासऱ्यांच्या नावावरचं वायफाय.

ठाण्यात आम्हांला सांगण्यात आलं, "तुमच्याच घरातून झालंय. आता घरात बसून मिटवा." आणि जोडीला, "बाईंचा फोन आधी जमा करा, तिनेच केलं असेल तर?"

'घरात बसून मिटवा' हे वाक्य आपल्याला नवीन आहे का? हुंडाबळींच्या वेळी हेच ऐकलं. १९८३ साली ४९८अ आलं, २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला, तेव्हा कुठे उंबरठ्याच्या आत कायद्याचं पाऊल पडलं. आता नव्या यंत्राच्या निमित्ताने कायदा परत उंबरठ्यावर येऊन थांबला आहे. पत्ता घराचा आहे म्हणून गुन्हेगार शोधता येत नाही, आणि घराचा आहे म्हणूनच शोधायची गरजही वाटत नाही!

हा 'आयपी' काय असतो ते आपण कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतलं पाहिजे, कारण ठाण्यात हा शब्द आपल्याला गप्प बसवण्यासाठी वापरला जातो. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला त्या त्या वेळी एक क्रमांक मिळतो. खातं ज्या कंपनीचं असतं तिच्याकडे, कोणत्या क्रमांकावरून किती वाजता ते उघडलं गेलं याची नोंद राहते. पोलीस नोटीस देऊन ती मागवतात. मग तो क्रमांक ज्या इंटरनेट कंपनीचा, तिला विचारतात की त्या घटकेला हा क्रमांक तुमच्या कोणत्या ग्राहकाकडे होता. उत्तरात नाव येतं ते ग्राहकाचं, म्हणजे ज्याच्या नावावर बिल निघतं त्याचं. बोटं कुणाची चालली हे त्या नोंदीत कुठेही लिहिलेलं नसतं. आमच्या प्रकरणात त्या वायफायवर घरातले पाच फोन होते, आणि पासवर्ड शेजारच्या पोरांनाही ठाऊक होता.

मोबाइलवर तर आणखी गुंता. जुन्या पद्धतीचे आयपी क्रमांक साऱ्या जगात मिळून साधारण ४२९ कोटीच आहेत. ते पुरत नाहीत म्हणून मोबाइल कंपन्या एकच क्रमांक एकाच वेळी शेकडो ग्राहकांना वाटून देतात. चाळीच्या फाटकावर एक पाटी आणि आत शेकडो बिऱ्हाडं, तसं. खोली शोधायची तर 'पोर्ट' नावाचा आणखी एक आकडा आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ लागते. तो आकडा बरेचदा जपलेलाच नसतो, किंवा मागायचं कुणाला सुचत नाही.

या चाळीत चुकीच्या बिऱ्हाडाचं दार ठोठावलं तर काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. २००७ साली ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना करणारा मजकूर आला. पुणे पोलिसांनी आयपीवरून माग काढला, आणि बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला घरातून उचललं. इंटरनेट कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती. तो निरपराध माणूस ५० दिवस तुरुंगात राहिला. आता ठराव मांडणाऱ्या ताईंना माझं विचारणं आहे: त्याच्या जागी एखादी मुलगी असती, तर ५० दिवसांनी तिला घराचं दार उघडं मिळालं असतं का?

पण माझा मुख्य आक्षेप तांत्रिक चुकांवर नाही. चुका सुधारता येतात, साडेपाच तास मिळवायला शिकवता येतं. माझा आक्षेप हा की माग काढण्याचं साधन नाही म्हणून बायकांना न्याय मिळत नाही, हे आपण गृहीत धरलं आहे. साधन भरपूर आहे. ग्राहकांच्या इंटरनेट नोंदी जपून ठेवण्याची मुदत सरकारने २०२१ च्या डिसेंबरात १ वर्षावरून २ वर्षांवर नेली. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने, व्हीपीएन म्हणजे आपला क्रमांक झाकून देणारी सेवा चालवणाऱ्या कंपन्यांना, ग्राहकांची नावं-पत्ते ५ वर्षं ठेवण्याचा हुकूम काढला. काही परदेशी कंपन्यांनी त्यामुळे आपले सर्व्हर भारतातून हलवले. सिमकार्ड ओळखपत्राशिवाय मिळत नाहीच. दोर गळ्यापर्यंत आलेलाच आहे. तो कुणासाठी ओढला जातो आणि कुणासाठी सैल पडून राहतो, एवढाच प्रश्न आहे.

२०२१ च्या जुलैमध्ये ८० हून अधिक मुस्लिम बायकांचे फोटो 'लिलावा'ला लावणारं एक ॲप निघालं. त्यात पत्रकार होत्या, वैमानिक होती, आपल्यासारख्या कार्यकर्त्या होत्या. दिल्लीत गुन्हा नोंदला गेला. सहा महिने एकही अटक नाही. परदेशी कंपनीकडून माहिती यायची आहे, हेच उत्तर. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, १ जानेवारी २०२२ ला, तसंच दुसरं ॲप आलं. या वेळी देशभर ओरड झाली, मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि चार दिवसांच्या आत बंगळूर आणि उत्तराखंडातून अटका झाल्या. पाठोपाठ दिल्ली पोलिसांना आसामात दुसऱ्या ॲपचा कर्ता सापडला, आणि इंदुरात पहिल्याचाही! नावं तेव्हाही खोटी होती, खाती तेव्हाही खोटी होती. मग जुलैत जे जमलं नाही ते जानेवारीच्या दहा दिवसांत कसं जमलं? (मुंबईच्या प्रकरणात पकडलेल्यांत एक कोवळी मुलगीही होती. 'पुरुषी विकृती' एवढं म्हणून आपल्यालाही हात झटकता येत नाहीत, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

मुंबईतलंच आणखी एक प्रकरण. २००९ साली एका बाईला अश्लील ईमेल येऊ लागले. पोलिसांनी आयपीवरून माग काढला, माणूस सापडला. तो तिच्या ओळखीचा, बरोबर काम करणारा. शिक्षा लागली २०१५ मध्ये, तीही काही महिन्यांची. नाव कळायला वेळ लागला नव्हता. सहा वर्षं लागली ती न्यायाला. खऱ्या नावाच्या सक्तीने ही सहा वर्षं कशी कमी होणार आहेत?

आता दोराचं दुसरं टोक पाहू. २०१८ च्या ऑक्टोबरात बायका बोलू लागल्या तेव्हा अनेकींनी नाव न देता लिहिलं. कलाक्षेत्रातल्या लैंगिक छळाची अशी निनावी कथनं छापणारं एक खातं इन्स्टाग्रामवर होतं. २०१९ मध्ये एका नामवंत कलाकाराने त्या खात्यावर ५ कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मजकूर काढायला लावून, खातं चालवणाऱ्यांचा तपशील बंद लिफाफ्यात सादर करायला कंपनीला सांगितलं. २०२० मध्ये प्रकरण तडजोडीने मिटलं. कलाकार दोषी की निर्दोष, हे ठरवायची ही जागा नाही. मी एवढंच विचारते की ज्या बायका त्या खात्याकडे विश्वासाने बोलल्या होत्या, त्यांनी तो बंद लिफाफा निघाल्याची बातमी वाचून ती रात्र कशी काढली असेल? तालुक्याच्या बाईसाठी आयपी यायला तीन महिने. नामवंतासाठी कोर्टाचा लिफाफा.

आणि नावानिशी लिहिलं तर? पालघर आठवा. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर शहर बंद का, असं एका मुलीने स्वतःच्या नावाने फेसबुकवर लिहिलं. दुसरीने ते फक्त पसंत केलं. दोघींना अटक झाली, आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. ज्या कलमाखाली हे झालं ते ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. पण जमावाला कलम लागत नाही. त्याला नाव आणि पत्ता पुरतो.

निनावी असणं म्हणजे भ्याडपणा, असं बैठकीत एक मैत्रीण म्हणाली. मला तेव्हा रखमाबाई आठवल्या. १८८५ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविरुद्ध आणि सक्तीच्या वैधव्याविरुद्ध जी पत्रं छापून आली, त्यांखाली 'एक हिंदू स्त्री' एवढीच इंग्रजी सही होती. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून त्यांच्यावर खटला चालू होता, आणि १८८७ साली कोर्टाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा म्हटलं, तेव्हा तुरुंगात जाईन म्हणणारी बाई ती हीच. तिला भ्याड कोण म्हणेल? त्या वेळच्या मुंबईत ती पत्रं लिहिणारीचा पत्ता काढून देण्याची सोय असती, तर केसरीपासून गल्लीपर्यंत किती जणांनी तो मागितला असता! ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' नावानिशी छापलं. त्याच साली उत्तरेत 'सीमंतनी उपदेश' हे हिंदी पुस्तक 'एक अज्ञात हिंदू औरत' या नावाखाली निघालं. नाव द्यायचं की नाही हे त्या बायकांनी आपापल्या परिस्थितीवरून ठरवलं. ठरवण्याचा हक्क त्यांचा होता.

तो हक्क आपण स्वतः लढून कायद्यात आणलेला आहे, हे आपण विसरलो का? मथुरा प्रकरणानंतर आपल्या आधीच्या मैत्रिणी रस्त्यावर आल्या, १९८३ साली कायदा बदलला, आणि बलात्कारित स्त्रीचं नाव छापणं २२८अ खाली गुन्हा ठरलं. आज ते न्याय संहितेचं कलम ७२ आहे. केंद्र सरकारच्या सायबर तक्रारीच्या पोर्टलवरही बलात्काराची किंवा लहान मुलांची दृश्यं आढळली तर नाव न देता तक्रार करण्याची सोय आहे. म्हणजे नाव झाकण्याची गरज शासनालाही कळते. मग आपणच सगळी नावं उघडी करा म्हणून अर्ज घेऊन जायचं?

उलट बाजूने पाहा. निनावी धमकी हा आपल्याकडे १८६० पासून वाढीव गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेचं ५०७, आताच्या संहितेचं ३५१ (४). धमकी दिली, वर ओळख लपवली, म्हणून शिक्षा जास्त. इंग्रजांच्या त्या कायद्यातही नुसती ओळख लपवणं हा गुन्हा नव्हता. आपला ठराव मात्र तिथवर जातो.

सक्ती करून पाहिलेला देशही आहे. दक्षिण कोरियाने २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांना खऱ्या ओळखीची पडताळणी सक्तीची केली. २०११ साली तिथल्या एका कंपनीच्या संगणकांत चोर शिरले आणि साडेतीन कोटी लोकांची माहिती गेली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या घटना न्यायालयाने एकमताने ती सक्ती रद्द केली. बेकायदा मजकूर लक्षणीय कमी झाल्याचं दिसत नाही, हेही न्यायालयाने नोंदवलं. आपल्याकडे अशी चोरी झाली तर त्यात नवऱ्यापासून पळून आधारगृहात राहणाऱ्या बाईचा पत्ता असेल, गर्भपाताबद्दल विचारणाऱ्या मुलीचा असेल, खेड्यात राहून आपल्या मैत्रिणीवरचं प्रेम फक्त एका खोट्या नावाच्या खात्यावर बोलू शकणारीचा असेल.

आणि 'खरं नाव' म्हणजे तरी कुणाचं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, स्वतः वापरायचा मोबाइल जवळ असलेल्या बायका ५४ टक्के निघाल्या. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. आमच्या केंद्रात येणाऱ्या बायकांना मी सवयीने विचारते, सिम कुणाच्या नावावर? नवऱ्याच्या, भावाच्या, सासऱ्यांच्या. उद्या खातं उघडायला पडताळणी लागली, तर तिचा आकडा नवऱ्याच्या फोनवर जाईल. बाईने कुठे काय लिहावं याची परवानगी घरातल्या पुरुषाकडे गेली, आणि तीही आपल्या ठरावाने.

तेव्हा पुढच्या बैठकीत मी उपसूचना मांडणार आहे. निनावी खाती बंद करा हे वाक्य काढून टाकावं. त्याऐवजी शासनाकडे मागावं ते हे: बाईची तक्रार आल्यापासून ठरावीक दिवसांत कंपनीला नोटीस गेलीच पाहिजे, आणि नोंदी पुसल्या जाऊ नयेत म्हणून जतन करण्याचं पत्र त्याच दिवशी. नोटिशीची तारीख आणि उत्तराची तारीख तक्रारदार बाईला लेखी कळावी. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी हा तपास करू शकणारा अधिकारी असावा. पत्ता घराचा निघाला तर तपास तिथून सुरू व्हावा, तिथे संपू नये. घरातले सगळे फोन पंचनाम्यात यावेत आणि तक्रारदार बाईचा सर्वांत शेवटी. आणि कुणाचंही झाकलेलं नाव उघडं करायचं तर कोर्टाच्या लेखी, कारणं दिलेल्या आदेशाशिवाय नाही, तेही त्या व्यक्तीला आपलं म्हणणं मांडू दिल्यावर. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो आपल्या केंद्रातल्या बाईलाही लागू आहे.

ज्यांना यात भर घालायची असेल त्यांनी बैठकीआधी लिहून पाठवा. विशेषतः ठाण्यात 'आयपी आला नाही' हे किती महिने ऐकलं, त्याच्या तारखा पाठवा. नावं नकोत.

आमच्या त्या बाईचं ते खातं बंद झालं. घरातल्या इतर फोनांचा पंचनामा व्हायला २०२५ चा मार्च उजाडला. तोवर दिराने नवा फोन घेतला होता. जुना विहिरीत पडला म्हणे. ती आता माहेरी शिवणकाम करते. नवं सिमकार्ड तिने स्वतःच्या नावावर घेतलं आहे, आणि नंबर आमच्याशिवाय कुणाला दिलेला नाही.